तोंडावर न घ्यायचं नाव

ह्यूइना कॉर्मॅकनं आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आणि ते लिहिताना इतकी सभ्यता पाळली की सगळा घोळ करून ठेवला.

तशी ती लेखिका वगैरे नव्हेच. उभा जन्म उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या स्कार्व्हिक गावच्या शाळेत पोरांना सूप नि बटाटे वाढण्यात गेला. शाळा बंद पडली, नवरा गेला, मुलगी दक्षिणेला नोकरीला गेली, आणि संध्याकाळी करायचं काय म्हणून बाई लिहायला बसली. नाव ह्यूइना, कारण बाप ह्यू. आमच्याकडे बापाच्या नावाला शेपूट जोडलं की मुलीचं नाव तयार. ह्यूची ह्यूइना, डोनाल्डची डोनाल्डिना. बाप खूश होतो आणि मुलगी जन्मभर परगावच्या लोकांना नाव दोनदा सांगत बसते.

लिहायचं काय, हा प्रश्न तिला पडलाच नाही. बंदर होतंच. आता तिथं खेकडे पकडणाऱ्या दोन-तीन होड्या डुलत असतात आणि उन्हाळ्यात फिरायला आलेली मंडळी धक्क्यावर उभी राहून गाडीतलं सँडविच खातात. पण ह्यूइनाच्या लहानपणी हेरिंग माशांच्या मोसमात या बंदरात होड्या इतक्या खेटून लागायच्या की पोरं एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर पाय ओला न करता जायची, होडीवरून होडीवर उड्या मारत. आणि त्या बायका! उघड्यावर, वाऱ्यात, बोटांना चिंध्या गुंडाळून, हातात एवढीशी सुरी. मासा हातात आला कधी, आतडं निघालं कधी, मिठाच्या पिंपात पडला कधी, डोळ्याला दिसायचं नाही. चिंध्या सुटल्या की मीठ जखमेत जायचं आणि मग ज्या शिव्या निघायच्या, त्या रविवारी चर्चमध्ये त्याच तोंडांनी धुऊन काढायच्या. तिघींची टोळी असायची, दोघी मासा चिरणाऱ्या आणि एक पिंपात रचणारी. ह्यूइनाची आई आणि जोहाना एकाच टोळीतल्या. मोसमाबरोबर लाकडी पेट्या घेऊन दोघी आगगाडीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं पार दक्षिणेपर्यंत जायच्या, एकाच पलंगावर झोपायच्या. म्हणून जोहाना ही ह्यूइनाची मावशी. रक्ताची नव्हे, मिठाची म्हणा हवं तर.

ते सगळं गेलं. हेरिंग गेलं, पिंपं गेली, तो वास गेला. त्या वासाला तेव्हा नाकं मुरडणारी माणसं आता त्याच्या आठवणीनं हळवी होतात, हेही खरंच आहे.

आता घोळ कुठं झाला ते सांगायचं तर आमच्या नावांचं सांगायला हवं. स्कार्व्हिकमध्ये निम्मं गाव स्वॉन्सन. त्यात थोरल्याला आजोबांचं नाव द्यायचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. म्हणजे विल्यम, डोनाल्ड, जॉर्ज, अलेक्झांडर, संपली यादी. एका हाकेला बंदरावरचे पाच जण माना वळवणार. तेव्हा प्रत्येकाला एक मागचं नाव असतं. मागचं म्हणजे माणसाच्या मागं घ्यायचं. गावाला ते माहीत असतं, कुत्र्यामांजरांना माहीत असतं, फक्त ज्याचं असतं त्याला ते माहीत नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं. त्याच्या तोंडावर नाही, त्याच्या बायकोसमोर नाही, आईसमोर तर नाहीच नाही. ह्यूइना सहा-सात वर्षांची असताना दुकानात जाऊन मोठ्यांदा म्हणाली होती, "बोक्याच्या घरी नेतात तीच चहापत्ती द्या म्हणे." काउंटरशी बोक्याची आईच उभी होती. दुकानात जी शांतता पसरली ती ह्यूइनाला अजून आठवते, आणि घरी बसलेली थप्पडही. स्वतः ह्यूइनाचं मागचं नाव काय आहे ते तिला अजून कळलेलं नाही. असणार हे नक्की. शाळेत इतकी वर्षं सूप वाढलंय म्हटल्यावर काही बरं नसणार, एवढा अंदाज तिलाही आहे.

तर अशी वाढलेली बाई पुस्तक लिहायला बसली तेव्हा मागची नावं लिहिणार थोडीच? छापील अक्षरात? तिनं सगळ्यांना त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नावानं बसवलं. पुस्तक छापून आलं, पोस्टकार्डांच्या शेजारी दुकानात लागलं, आणि आठवडाभरात गावात बोंब झाली.

"हा डोनाल्ड कुठला गं?" लोक रस्त्यात अडवून विचारायचे. "ज्याचं जाळं फाटलं तो, का ज्यानं फाडलं तो?"

"ज्यानं फाडलं तो."

"मग तसं लिहायचं की! मी वाचतोय वाचतोय, मला वाटलं माणसानं स्वतःचंच जाळं फाडलं!"

इथवर हसण्यावारी होतं. पण पुस्तकात 'इसाबेला'चं प्रकरण होतं. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत 'इसाबेला' ही होडी वादळातून परतताना बंदराच्या तोंडाशी खडकावर चढली. धक्क्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. तेव्हा जोहानाचा नवरा विल्यम स्वॉन्सन कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला, होडीपर्यंत पोचला, आणि त्या दोरावरून एकेक करून सगळे बाहेर आले. तो स्वतः आला नाही. 'इसाबेला'चा मालक वाचला. आणि त्या मालकाचंही नाव विल्यम स्वॉन्सन. पुढं तो कॅनडात गेला, बेकरी काढली, म्हातारा होऊन पलंगावर मेला. ह्यूइनानं लिहिलं, विल्यम स्वॉन्सननं दोर बांधला, विल्यम स्वॉन्सनला बाहेर काढलं, विल्यम स्वॉन्सन बुडाला. आता यातून परक्या माणसानं काय समजावं, तुम्हीच सांगा.

शहरच्या वर्तमानपत्रानं करायचं ते केलं. पुस्तकाचं तोंडभर कौतुक छापलं आणि खाली लिहिलं की दोर घेऊन उडी मारणारा शूर विल्यम स्वॉन्सन पुढं कॅनडात बेकरीचा मालक झाला. आणि जोहानाचा विल्यम, तिचा विली? तो झाला नुसता एक बुडालेला माणूस, ज्याला वाचवता आलं नाही तो.

जोहानाला दिसायचं कमी झालं होतं. घरकामाला येणाऱ्या मुलीनं तिला ते वाचून दाखवलं.  आजवर दर गुरुवारी ह्यूइना तिच्याकडं जेवायला जायची, बटाटे नि खारवलेलं हेरिंग असायचं, ते बंद झालं. एका गुरुवारी निरोप आला की बरं नाही. पुढच्या गुरुवारी निरोप आला की पाहुणे आहेत. जोहानाकडं पाहुणे कुठले येणार? सगळे पाहुणे चर्चमागच्या मातीत झोपलेले.

ह्यूइनाच्या जिवाची नुसती तगमग झाली. आई गेल्यावर तिला आईच्या तरुणपणाबद्दल सांगणारं एकच माणूस या जगात उरलं होतं. शेवटी ती न विचारताच गेली.

जोहाना शेगडीशी बसली होती. तिनं चहा दिला, पण ताजा पाव कापला नाही. ते ह्यूइनाला बरोबर कळलं.

"मावशी, दुसऱ्या वेळी छापतील तेव्हा दुरुस्त करते मी. जोहानाचा नवरा विल्यम, असं लिहीन."

"बेकरीवाल्याच्या बायकोचं नाव काय होतं?"

ह्यूइनानं कप खाली ठेवला. त्याच्याही बायकोचं नाव जोहानाच होतं.

"तू सगळ्यांना रविवारचे कपडे घालून बसवलंयस पोरी," म्हातारी म्हणाली. "कडक कॉलर, विंचरलेले केस. यातला एक माणूस मला ओळखू येत नाही. माझा येत नाही तर दुसऱ्याचं काय घेऊन बसलीस?"

ह्यूइनाच्या जिभेवर ते नाव आलं होतं. एक शब्द बोलली असती तर सगळा गुंता सुटला असता. गावात कुणालाही विचारा, त्या नावाचा एकच माणूस होऊन गेला. पण कुठं? त्याच्या बायकोसमोर, तिच्याच घरात, तिचाच चहा पीत? ह्यूइनाच्या कानाखाली आईची थप्पड जणू पुन्हा वाजली. ती उठली, "येते" म्हणाली आणि घरी येऊन रडली. स्वतःला मूर्ख म्हणाली, म्हातारीला हेकट म्हणाली, आणि पुन्हा स्वतःला मूर्ख म्हणाली.

नोव्हेंबरात लायब्ररीनं गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. उत्तरेकडचे लेखक, उत्तरेकडचा इतिहास, गोष्ट सांगण्याची परंपरा, असा सगळा मोठा विषय. लेखक दोन. एक ह्यूइना. दुसरे मॅग्नस बज, समुद्रापासून दूर शेतवाडीत वाढलेले, निवृत्त मास्तर, दगडी बुरूज आणि जुने सरदार यांच्यावर जाडजूड पुस्तकं लिहिणारे. माणूस चांगला, बोलायला लागला की थांबत नाही एवढंच. दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो त्या दिवसांत, करमणूक दुसरी काय असणार, हॉल गच्च भरला. मागं बायका किटल्या घेऊन तयार. आणि पहिल्या रांगेत, काठी दोन्ही हातांत धरून, जोहाना. तिला कोण घेऊन आलं देव जाणे. 

मॅग्नस म्हणाले, "इतिहास म्हणजे शेवटी काय, तर पक्कं नाव. चर्चच्या दप्तरात जे लिहिलंय ते. बाकी सगळ्या शेगडीजवळच्या गप्पा."

"आमच्याकडं शेगडीजवळच जास्त खरं बोलतात मास्तर," ह्यूइना म्हणाली. "दप्तरात लिहिताना पाद्री समोर असतो."

हॉल हसला. मॅग्नसही हसले. गोष्ट कुणाची, सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची, यावर दोघं बरंच बोलले. ह्यूइनाला वाटू लागलं की वेळ निभावली. तेवढ्यात मॅग्नसनी तिचं पुस्तक उघडलं.

"हे 'इसाबेला'चं प्रकरण अप्रतिम आहे. पण मी तीनदा वाचलं बाई, मला कळेना. उडी मारली कुणी आणि कॅनडात गेला कोण?"

 मॅग्नस बिचारे शेतवाडीतले, त्यांना काय कल्पना!

मागून एक आवाज आला. "उडी मारली तो वरच्या आळीतला विल्यम."

"वरच्या आळीत दोघंही राहत होते," दुसरा म्हणाला.

"हिरव्या दाराचा."

"दार दोघांचंही हिरवं होतं. होडीचा उरलेला रंग एकाच डब्यातला!"

"उंच विल्यम."

"उंच कसला, बूट घालून उंच!"

जो तो खोकत होता, छताकडं बघत होता. शंभरेक माणसं, प्रत्येकाच्या तोंडात एकच शब्द आणि ओठ शिवलेले. मॅग्नस या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत राहिले.

जोहाना काठीवर जोर देऊन उभी राहिली. ती मागं वळली नाही. तिनं ह्यूइना बसली होती त्या दिशेला तोंड केलं.

"मास्तरांनी विचारलंय तुला, ह्यूइना. कुठला विली? सांग. मी ऐकायला आलेय."

 आता गप्प राहावं, तर विली पुन्हा बुडणार, या वेळी तिच्यामुळं. आणि बोलावं, तर मावशी जन्माची तुटणार. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"लोणी," ती म्हणाली. "उडी मारणारा विली लोणी."

मागच्या बाजूला कुणाच्या तरी हातून चमचा पडला. एका बाईनं "देवा रे" म्हणून तोंडावर हात ठेवला. लोणी! विली पोरगा असताना त्याच्या आईनं जत्रेतल्या स्पर्धेसाठी तीन दिवस खपून सुंदर लोण्याचा गोळा केला होता, आणि यानं पाणी आत येऊ नये म्हणून तो अख्खा आपल्या नव्या बुटांना चोळला. बूट कुत्र्यानं खाल्ले. तेव्हापासून लोणी. असलं नाव एका शूर माणसाचं, आणि ते त्याच्या विधवेच्या तोंडावर.

 जोहानाचा चेहरा पाहून काही म्हणजे काही कळत नव्हतं. ह्यूइनाला वाटलं, धरणी दुभंगावी.

तेवढ्यात भिंतीकडच्या खुर्चीतून डॉड मॅन्सन उठला. डॉड म्हणजे 'इसाबेला'वरचा सगळ्यांत लहान खलाशी, तेव्हा मिसरूडही न फुटलेला, आता कंबरेत वाकलेला. दोरावरून सगळ्यांत शेवटी आला तो हाच. त्या रात्रीबद्दल तो आजवर कुणाशी चकार शब्द बोललेला नव्हता. लोक समजायचे, धसका बसलाय. त्याच्या बायकोनंही विचारायचं सोडून दिलं होतं.

"आता नाव निघालंच आहे तर मी सांगतो," डॉड म्हणाला. "जोहाना, मला माफ कर. मी त्याला तोंडावर हाक मारली होती."

"काय हाक मारलीस?"

"माझा हात दोरावरून सुटला. विली धक्क्याकडं परत निघाला होता. अगं, वारा काय, लाटा काय, विली म्हणून ओरडलो असतो तर पुढं दोरावर मालकही विलीच, कोण वळणार? तोंडात आलं ते ओरडलो. 'लोणी!' म्हणून ओरडलो. 'लोणी, दोर सुटला!'" डॉडनं टोपी काढली आणि दोन्ही हातांत चुरगळली. "तो वळला. आणि हसला, जोहाना. त्या पाण्यात. पुढच्या दातांतली फट दिसेपर्यंत हसला. माघारी आला, माझ्या काखेतून दोर घेतला, गाठ मारली."

"बोलला काही?"

"बोलला." डॉडनं टोपी पुन्हा चुरगळली. "म्हणाला, 'मला काय म्हणालास ते घरी सांगू नकोस हं. जोहानाला माहीत नाहीये.' आणि दिलं मला ढकलून. मग ती लाट आली. मी शब्द दिला नव्हता, तेवढा वेळच नव्हता. पण शेवटचं बोलणं त्याचं, कसं मोडायचं? म्हणून आजवर बोललो नाही."

हॉलमध्ये बायका उघड उघड रडत होत्या. मॅग्नस मास्तरांनी चष्मा काढून ठेवला होता.

जोहाना हळूच खुर्चीवर बसली. तिचे खांदे हलत होते. ह्यूइना धावत व्यासपीठावरून खाली आली, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की म्हातारी रडतेय खरी पण त्याहून जास्त हसतेय.

"माहीत नाहीये म्हणे!" जोहाना म्हणाली. "अरे, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं मला. विहिरीवर दोघी बोलत होत्या, 'लोण्याची नवी बायको पाहिलीस का.' मला वाटलं, त्याला माहीत नसेल, ऐकलं तर बिचाऱ्याला वाईट वाटेल. म्हणून मी कधी त्याच्यासमोर अवाक्षर काढलं नाही." तिनं चाचपडत ह्यूइनाचा हात धरला. "तो गेला आणि माझ्या कानावर चुकूनही ते नाव पडेनासं झालं. मी दुकानात शिरले की सगळे गप्प. बोललेच तर, 'तुझे यजमान, स्वर्गवासी मिस्टर स्वॉन्सन.' कोण हा मिस्टर स्वॉन्सन? मी नाही कधी त्याच्याशी संसार केला. मी आपली घरात एकटीच शेगडीशी म्हणायची, 'लोण्या, चहा झाला रे.'"

 मागं किटलीचं पाणी उकळून उतू जात होतं, ती उतरवायलाही कुणी हललं नाही.

जोहानानं डोळे पुसले आणि डॉड उभा होता त्या बाजूला मान वळवली.

"हसला म्हणालास ना? नक्की हसला?"

"नक्की."

"मग आणखी एकदा सांग," जोहाना म्हणाली. "पहिल्यापासून सांग. त्याच नावानं."